राज्य, प्रांत, कॅन्टन, काउंटी... या रेघा आखतं कोण आणि पुसतं कोण?

ड्रॉपडाऊनग्रस्त

मंडळी, धागा काढायला कारण ऑफिसातलं एक फुटकळ काम. पत्ता भरायचा एक फॉर्म आहे आणि तो जगातल्या कुठल्याही देशातल्या माणसाला भरता आला पाहिजे, देश निवडला की खालच्या चौकोनात त्या देशाचे विभाग दिसले पाहिजेत, एवढंच. मी म्हटलं दोन दिवसांत उडवतो. आज तिसरा आठवडा चाललाय.

पहिली गोची त्या चौकोनाला नाव काय द्यायचं इथेच झाली. 'राज्य' लिहावं तर अर्ध्या जगात राज्यंच नाहीत. कॅनडात प्रांत, स्वित्झर्लंडमध्ये कॅन्टन, फ्रान्समध्ये दिपार्तमाँ, आणि अमेरिकेत तर राज्याच्या खाली सगळीकडे काउंटी असताना लुइझियानात मधेच पॅरिश आणि अलास्कात बरो. शेवटी तिरक्या रेघा मारून 'राज्य/प्रांत/विभाग' असं कडबोळं केलं आणि रकाना भरणं सक्तीचं ठेवलं. टेस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सिंगापूरच्या माणसाची तक्रार, राज्य काय लिहू? बिचाऱ्याने शेवटी देश सिंगापूर, राज्य सिंगापूर, शहर सिंगापूर असं भरून पाठवलं.

दुसरी गोची फ्रान्सची. त्यांच्या दिपार्तमाँना क्रमांक आहेत, ०१, ०२ असे, म्हणून मी खुशाल तो कॉलम आकड्यांचा ठेवला. यादी भरायला घेतली तर १९ नंतर डायरेक्ट २१! मधे काय, तर २ए आणि २बी. कोर्सिका बेट आधी २० नंबरचं होतं, १९७६ ला त्याचे दोन भाग केले आणि पुढचे सगळे नंबर सरकवण्यापेक्षा नुसत्या २ च्या पुढे ए-बी लावून टाकलं. बरं पोस्टाचे कोड मात्र अजून २० नेच सुरू होतात. कॉलम बदलला, त्याच्यावर अवलंबून असलेल्या चार गोष्टी मोडल्या, असो.

तर मुद्दा असा की देशाचे भाग पाडताना नक्की बघतात काय? नद्या डोंगर? भाषा? लोकसंख्या? का साहेबाच्या मनात आलं आणि फुटपट्टी फिरवली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_वही

फ्रान्सचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करते कारण 'बसून ठरवून देश आखला' याचं ते सगळ्यात स्वच्छ उदाहरण. क्रांतीच्या आधी तिथे जुने प्रांत होते, ब्रिटनी, प्रोव्हान्स वगैरे, प्रत्येकाचे कायदे निराळे, कर निराळे, सवलती निराळ्या. १७८९ ला क्रांती झाल्यावर राष्ट्रीय सभेपुढे थुरे नावाच्या सभासदाने जी योजना मांडली ती ऐकून ड्रॉपडाऊनराव तुम्हाला आनंद होईल, अख्ख्या फ्रान्सचे साधारण १८ लीग बाय १८ लीगचे (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) चौकोन! पॅरिस धरून ८१ तुकडे. सभेतल्याच मिराबो वगैरे मंडळींनी हरकत घेतली की लोक काय सगळीकडे सारखे पसरलेत का, डोंगरावरचा चौकोन आणि सुपीक खोऱ्यातला चौकोन एक कसा. मग तडजोड होऊन १७९० ला ८३ दिपार्तमाँ झाले, रेघा बऱ्याच ठिकाणी जुन्या हद्दींच्या आसपासच राहिल्या पण नावं मात्र मुद्दाम नद्यांची आणि डोंगरांची दिली, म्हणजे जुन्या प्रांताचा अभिमान नावातूनसुद्धा डोकं वर काढायला नको. आणि आकार असा की कुठल्याही गावातून निघालं तर घोड्यावर दिवसभरात मुख्य ठाण्याला पोचता यावं, असा हिशोब सांगतात.

म्हणजे तुमच्या 'काय बघतात' ला तेव्हाचं उत्तर होतं घोडा.

आता घोडे गेले, गाड्या आल्या, तरी ते दिपार्तमाँ तसेच, उलट वाढून १०१ झालेत.

उगाचच

घोडा :) म्हणजे त्या हिशोबाने आज बुलेट ट्रेनवाल्या देशात एकच जिल्हा पुरे की.

नकाशातली_मुंगी

@उगाचच, हसू नका, बुलेट ट्रेनवाल्या जपानने ते खरंच केलं होतं, पण ट्रेनच्या कितीतरी आधी. १८७१ साली सरदारांच्या जहागिऱ्या एका फटक्यात खालसा केल्या, सरदारांना तोक्योला येऊन राहायला सांगितलं, त्यांची कर्जंसुद्धा सरकारने अंगावर घेतली (म्हणून फारशी कुरकुर झाली नाही असं माझं मत). सुरुवातीला ३०२ केन (साधे प्रांत) आणि ३ फु (मोठ्या शहरांचे प्रांत) असे ढीगभर तुकडे, त्याच वर्षाच्या शेवटी ते ७२ आणि ३ वर आले, १८८८ पर्यंत आजचा ४७ चा साचा बसला. त्यानंतर जग इकडचं तिकडे झालं पण ४७ ते ४७.

पण या ४७ मधे पण ड्रॉपडाऊनवाल्यांसाठी काटे आहेत. ४३ ना केन म्हणतात, ओसाका आणि क्योतो फु, होक्काइदो दो, आणि तोक्यो तो. तोक्यो 'शहर' म्हणून कायद्यात अस्तित्वातच नाही, ते १९४३ मधे बरखास्त केलं, आता तोक्यो म्हणजे प्रांताच्या दर्जाचा विभाग आणि त्याच्या पोटात २३ विशेष वॉर्ड. शहराच्या रकान्यात लोक तोक्यो लिहितात ते आपलं आपल्या सोयीसाठी.

जाता जाता, 'शहर' या शब्दावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. चीनमधलं चोंगचिंग हे १९९७ पासून थेट केंद्राच्या अखत्यारीतलं 'शहर' आहे. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ ऑस्ट्रिया देशाएवढं, लोकसंख्या तीन कोटींच्या वर. त्यात डोंगर आहेत, शेती आहे, खेडी आहेत. नाव शहर.

सीमोल्लंघन

छान चाललाय धागा. पण माझ्या मते तुम्ही सगळे नावाच्या आणि आकाराच्या मागे लागलाय, त्यातून काही कळत नाही. मी प्रशासनाचा थोडा अभ्यास केलाय (परीक्षेपुरता, निकाल विचारू नये) आणि त्यातून एकच प्रश्न कामाचा वाटला तो हा की ही रेघ पुसायची झाली तर कोणाला विचारावं लागतं? एवढं विचारलं की त्या विभागाची खरी पत कळते, मग त्याला राज्य म्हणा नाहीतर वाडा म्हणा.

अमेरिकेत राज्याची हद्द बदलायची तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती पाहिजेच, राज्यघटनेच्या चौथ्या कलमातच लिहिलंय, नुसती काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, काही करू शकत नाही. भारतात तोच शब्द 'राज्य', पण कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्य तोडू शकते जोडू शकते नाव बदलू शकते, राज्याच्या विधानसभेचं नुसतं मत मागवायचं, ते मान्य करायचं बंधन नाही. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मधे विभाजनाचं विधेयक चक्क फेटाळलं, तरी फेब्रुवारीत संसदेने मंजूर केलं आणि २ जूनला तेलंगणा झालं सुद्धा. एकाच शब्दात केवढा फरक बघा.

आणि फ्रान्स तर त्याच्याही पुढे. २०१५ ला पॅरिसमधे कायदा करून २०१६ पासून २२ च्या १३ रिजन केल्या (रिजन म्हणजे काही दिपार्तमाँ मिळून झालेला मोठा विभाग; या युरोपातल्या भूमीवरच्या, समुद्रापारच्या वेगळ्या). आल्सास, लोरेन आणि शांपान-आर्देन या तिघांची मोट बांधून नाव काय दिलं तर 'ग्राँ एस्त', म्हणजे मोठा पूर्वभाग! आल्सासवाले इतके चिडले की शेवटी २०२१ पासून त्यांना त्यांच्या दोन दिपार्तमाँची मिळून वेगळी संस्था द्यावी लागली, रिजन मात्र तीच ठेवली.

ड्रॉपडाऊनराव, तुमच्या टेबलात 'कोणाला विचारावं लागतं' असा एक कॉलम टाका ;)

बारक्या

सीमोल्लंघन भाऊ मुद्दा पटला पण अर्धाच. घटनेत काय लिहिलंय ते शांततेच्या काळात, प्रत्यक्षात रेघा ओढतात त्या पैसा आणि बंदूक बघून. नायजेरियाचं घ्या. १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तीन प्रदेश, उत्तर पश्चिम पूर्व, प्रत्येकात एका मोठ्या जमातीचा वरचष्मा, १९६३ ला चौथा झाला. १९६७ ला पूर्व प्रदेश फुटून निघायच्या बेतात होता तेव्हा लष्करी सत्ताधीश गोवॉन यांनी २७ मेला जाहीर केलं की आजपासून चार प्रदेश रद्द, १२ राज्यं. यात ग्यानबाची मेख कुठे आहे बघा, पूर्व प्रदेशाचे तीन तुकडे केले आणि ते असे की तिथे वरचष्मा असलेल्या इग्बो लोकांचा तुकडा मधे कोंडला गेला, त्याला समुद्रच नाही, किनारा आणि तेलाचा मोठा भाग बाकीच्या दोन राज्यांत. तीन दिवसांनी, ३० मेला, पूर्व प्रदेशाने आपण बियाफ्रा नावाचा वेगळा देश आहोत अशी घोषणा केली आणि मग ते भयंकर युद्ध.

म्हणजे तिथे नुसती नवीन रेघ ओढणं हीच एक लष्करी चाल होती.

आणि ती सवय मग सुटली नाही. १९७६ ला १९ राज्यं, १९८७ ला २१, १९९१ ला ३०, १९९६ ला ३६. सगळी लष्करी राजवटीत. कारण केंद्राकडे जमणाऱ्या तेलाच्या पैशातला मोठा हिस्सा राज्यांना समसमान वाटला जातो, मग काय, ज्याला त्याला आपलं वेगळं राज्य पाहिजे, राज्य आलं की गव्हर्नर आला, सचिवालय आलं, नोकऱ्या आल्या, कंत्राटं आली. १९९९ च्या घटनेने अटी एवढ्या कडक केल्या की तेव्हापासून एकही नवीन राज्य झालेलं नाही, मागण्या मात्र ढिगाने.

याहून कहर म्हणजे दक्षिण सुदान. २०११ ला देश झाला तेव्हा १० राज्यं, २०१५ ला राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून २८ केली, २०१७ ला ३२, २०२० ला शांतता कराराच्या भरात परत १० आणि वर तीन प्रशासकीय क्षेत्रं. त्या वर्षांत कोणी तुमचा फॉर्म करत असता तर वेडा झाला असता.

सीमोल्लंघन

@बारक्या, अहो पण हे माझ्याच मुद्द्याला धरून आहे ना, कोणालाच विचारावं लागत नव्हतं म्हणून १० चे २८ करता आले. नायजेरियात विचारावं लागायला लागलं आणि ३६ वर गाडी थांबली.

बारक्या

थांबली, पण त्याने बरं झालं की वाईट ते सांगा. ज्या छोट्या जमातीला खरंच वेगळं राज्य हवं होतं ती बसली ना लटकत. ज्यांनी हुकूमशहाच्या काळात ओळखीपाळखी लावून मिळवून घेतलं त्यांचं चांगभलं. रेघ पुसणं अवघड केलं की जुन्या चुका पण पक्क्या होतात, हे तुमच्या कॉलमात बसत नाही.

सीमोल्लंघन

हे मान्य. यावर मी विचार केला नव्हता.

जुनी_वही

भांडण थांबवून स्वित्झर्लंडला चला जरा, तिथे विचारायचं म्हणजे किती विचारायचं याला मर्यादाच नाही. बर्न कॅन्टनचा जुरा हा भाग फ्रेंच बोलणारा, बाकी कॅन्टन जर्मन. वेगळं व्हायचं का याचं मतदान १९७४ ला सुरू झालं आणि ते उतरंडीसारखं, आधी सगळ्या जुराने मत द्यायचं, मग ज्या तालुक्यांना नको असेल त्यांनी परत मत द्यायचं, मग हद्दीवरच्या एकेका गावाने परत. दक्षिणेकडचे तालुके फ्रेंच बोलणारे असूनही बर्नमधेच राहिले कारण ते प्रोटेस्टंट आणि उत्तरेकडचे कॅथलिक, म्हणजे भाषा एक असून धर्मपंथाने रेघ ओढली. मग १९७८ ला अख्ख्या देशाने मत दिलं, आणि १ जानेवारी १९७९ ला नवीन कॅन्टन झाला.

संपलं वाटलं? मूतिए नावाचं सात-साडेसात हजार वस्तीचं गाव बर्नमधे राहिलं होतं, त्यांचं मन बदललं. २०१७ ला मतदान, १३७ मतांनी 'जुरात जायचं' असं ठरलं, त्यावर तक्रारी, ते मतदान रद्द. २०२१ ला परत मतदान, परत होकार. आणि मग शाळा कोणाच्या, पोलीस कोणाचे, दवाखान्याचं काय, कर कुठे भरायचा हे सगळं बसवत बसवत १ जानेवारी २०२६ ला गाव एकदाचं पलीकडे गेलं. १९७४ ते २०२६! एका गावासाठी.

बारक्या यांना म्हणायचं असेल की यात लोकांची हयात गेली, ते खरंच आहे. पण एक गोळी नाही... असं लिहिणार होते, पण तसं नाही म्हणता येत, त्या चळवळीत जाळपोळ आणि बॉम्बचे प्रकारही झालेत. तरीसुद्धा.

नकाशातली_मुंगी

आता माझा आवडता विषय, पातळ्या. देशाचे आडवे तुकडे किती हे सगळे बघतात, उभ्या पायऱ्या किती हे कोणी बघत नाही. साध्या माणसाला खरा त्रास पायऱ्यांचा, कारण प्रत्येक पायरीवर एक टेबल, टेबलामागे एक खुर्ची, खुर्चीत 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणणारा एक माणूस.

डेन्मार्कने २००७ ला एका दमात २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या आणि १३ काउंट्या काढून ५ रिजन. आणि सगळ्यात ताजं, व्हिएतनाम. १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ केले आणि मधली जिल्हा पातळी पूर्णच काढून टाकली. प्रांत आणि त्याखाली थेट कम्यून (गाव किंवा वॉर्डाच्या पातळीचा विभाग), बस. कम्यूनसुद्धा दहा हजारांवरून तीन हजारांच्या थोडे वर इतके खाली आणले. एका सकाळी करोडो लोकांचा पत्ता बदलला आणि लोक होते तिथेच. विचार करा, ज्या ज्या फॉर्ममधे प्रांत मग जिल्हा मग वॉर्ड असे तीन चौकोन होते त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल.

केनियाने उलटं केलं, तेही इंटरेस्टिंग आहे. आधी ८ प्रांत, प्रांताचा कमिशनर राष्ट्राध्यक्ष नेमणार, म्हणजे वरचा हुकूम खाली. २०१० च्या घटनेने ते काढून ४७ काउंट्या केल्या, २०१३ ला पहिले गव्हर्नर निवडून आले, आणि राष्ट्रीय महसुलातले किमान १५ टक्के काउंट्यांना द्यायलाच पाहिजेत असं घटनेतच घालून ठेवलं. नुसती रेघ आखून तिजोरी वर ठेवली तर ती रेघ नकाशावाल्यांपुरतीच असते.

(अवांतर: जपानमधे ४७ आणि केनियात पण ४७. योगायोग आहे, उगाच धागेदोरे जोडू नये.)

उगाचच

४७ वरून नवीन धागा काढू का? हलके घ्या.

मला एक बाळबोध शंका. नावं कोण ठरवतं? 'मोठा पूर्वभाग' वाचून वाईट वाटलं मला आल्सासवाल्यांचं.

जुनी_वही

@उगाचच, नाव ठरवणं हे रेघ ओढण्यापेक्षा अवघड असतं. नेपाळने २०१५ च्या घटनेत सात प्रांत केले पण नावांवर एकमत होईना म्हणून नुसते क्रमांक दिले, प्रांत क्रमांक एक, दोन असे, आणि नाव तुमच्या प्रांतसभेने दोन तृतीयांश मतांनी ठरवा म्हणून सांगितलं. हळूहळू एकेकाने ठरवलं, प्रांत क्रमांक एकचं 'कोशी' ठरायला मात्र २०२३ उजाडलं, आणि ठरल्यावर सुद्धा त्यावरून रस्त्यावर आंदोलन झालं. फ्रान्सने सोयीसाठी नंबर दिले, नेपाळने भांडण टाळायला.

आणि लोक सरकारी नाव वापरतीलच असं पण नाही. इंग्लंडमधली रटलंड ही चिमुकली काउंटी १९७४ ला शेजारच्या लेस्टरशायरमधे घालून टाकली. लोकांनी पत्त्यावर रटलंड लिहिणं काही सोडलं नाही, २३ वर्षं धुसफूस चालली, १९९७ ला परत दिली. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या पोस्टाने सांगून टाकलं होतं की पत्त्यात काउंटी लिहायची गरज नाही, गाव आणि पोस्टकोड पुरे.

ड्रॉपडाऊनग्रस्त

वहीताई थांबा थांबा. काउंटी लिहायची गरजच नाही?

जुनी_वही

नाही. १९९६ पासून नाही. लिहिली तरी चालते, पत्र पोचतं.

ड्रॉपडाऊनग्रस्त

आणि मी गेले दोन दिवस इंग्लंडच्या काउंट्यांच्या तीन वेगवेगळ्या याद्या जुळवत बसलोय, ऐतिहासिक वेगळी, समारंभाची वेगळी, कारभाराची वेगळी. धन्य.

असो, दोन दिवसांनी परत आलोय तर अपडेट देतो. बॉसशी बसून बोललो. रकाना आता सक्तीचा नाही. आकड्यांचा कॉलम काढून सगळं मजकूर म्हणून ठेवलं, २ए २बी सुखाने नांदतायत. प्रत्येक विभागापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा टाकल्या, कारण व्हिएतनामचा जुना जिल्हा पुसून टाकला तर जुन्या ग्राहकाचा जुना पत्ता अर्धा उडतो. हे मुंगीसाहेबांनी लिहिलं नसतं तर आम्हाला ग्राहकांच्या शिव्या खाऊनच कळलं असतं. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटाचं अजून अडलंय, ते फ्रान्सचं दिपार्तमाँ आहे, नंबर ९७४, पण देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पण त्याला वेगळा कोड आहे, मग ते देशाच्या चौकोनात दाखवू का फ्रान्सच्या खाली? सध्या दोन्हीकडे ठेवलंय आणि कोणाला सांगितलं नाहीये.

सीमोल्लंघन यांचा 'कोणाला विचारावं लागतं' वाला कॉलम पण मी गंमत म्हणून माझ्या खासगी एक्सेलमधे केलाय. आतापर्यंत २६ देश भरून झालेत. कामाचं काही नाही त्यात, पण झोप लागत नाही तेव्हा बरं पडतं.

बारक्या

त्या एक्सेलमधे 'विचारून नाही म्हटलं तर काय होतं' असा अजून एक कॉलम घाला. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या दोन जर्मन राज्यांना एक व्हायचं का म्हणून १९९६ ला लोकांना विचारलं, बर्लिनवाले हो म्हणाले, ब्रांडेनबुर्गवाले नाही म्हणाले, विषय तिथेच मिटला. आणि आंध्रच्या विधानसभेला विचारलं त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

सीमोल्लंघन

@बारक्या घाला घाला, माझ्या नावावर खपवा.

उगाचच

सगळं ठीक आहे हो, पण त्या सिंगापूरवाल्याचं काय झालं?

ड्रॉपडाऊनग्रस्त

त्याला कळवलं की आता राज्याचा रकाना रिकामा सोडला तरी चालेल. त्याने परत टेस्ट करून पाठवलं. देश सिंगापूर, राज्य रिकामं, शहराच्या रकान्यात लाल तारा बघून विचारतोय, हे पण सक्तीचं आहे का?